टर्बो डिझेल गाडीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकला आहे. त्याजागी कोणता घ्यावा?

बालाघाटकर (अंबाजोगाई)

नमस्कार. माझ्याकडे २०१४ सालची, चार सिलिंडरची टर्बो डिझेल सेडान आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या वयाच्या कोणत्याही टर्बो गाडीत हा, म्हणजे सिलिंडरमधला धूर गोळा करून टर्बोकडे (इंजिनात जादा हवा भरणाऱ्या यंत्राकडे) नेणारा मॅनिफोल्ड तडकण्याचा, बिघाड संभवतो आणि चर्चा कोणती कंपनी चांगली, कोणती वाईट याकडे वळू नये अशी माझी इच्छा आहे. गाडीचा मी दुसरा मालक आहे. रोजचे जाणेयेणे अंबाजोगाई ते लातूर असते. शिवाय वडिलांच्या उपचारांसाठी केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई या मार्गाने छत्रपती संभाजीनगरला वरचेवर जावे लागते. गाडी भरवशाची असणे ही माझ्यासाठी चैनीची बाब नाही, हे यावरून लक्षात यावे.

काही महिन्यांपासून सकाळी गाडी सुरू केली की इंजिनाच्या मागच्या बाजूने टिकटिक असा आवाज येई आणि इंजिन तापले की तो नाहीसा होई. सुरुवातीला इंजेक्टरचा आवाज असावा असे मेकॅनिकचे मत पडले. पुढे बीडहून परतताना मांजरसुंब्याचा घाट चढताना पिकअप कमी पडू लागला, मागे काळा धूर दिसू लागला आणि एसीची हवा बाहेरून घेतल्यास आत जळका वास येऊ लागला. अखेर मॅनिफोल्डवरचा पत्रा काढून पाहिला, तेव्हा तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या नळ्यांच्या बेचक्यात काजळीचा पंख्यासारखा पसरलेला डाग दिसला. तो तारेच्या ब्रशने साफ केल्यावर फ्लँजपासून (इंजिनाला बोल्टने जोडायच्या सपाट कडेपासून) टर्बोच्या तोंडाकडे गेलेला एक तडा सापडला. तो इतका बारीक आहे की नजरेला चटकन दिसत नाही, पण नख फिरवले की अडकते. चौथ्या सिलिंडरकडचा शेवटचा स्टडही (मॅनिफोल्ड धरून ठेवणारी आटेदार खुंटी) हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, आत तुटलेला आहे.

आता माझ्यापुढे बरेच मार्ग ठेवले गेले आहेत आणि प्रत्येकजण आपलाच मार्ग योग्य असल्याचे सांगतो आहे. कंपनीचा मूळ भाग मागवावा लागेल, त्याला दोन ते तीन आठवडे लागतील आणि तो महाग आहे. संभाजीनगरच्या सुट्या भागांच्या बाजारात त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत बिडाचा (ओतीव लोखंडाचा) नवा मॅनिफोल्ड मिळतो आहे, परंतु खोक्यावर बनवणाऱ्याचे नाव नाही. तुटलेल्या गाडीचा जुना मॅनिफोल्ड त्याहून स्वस्त आहे. लातूरचे एक वेल्डिंगवाले ट्रॅक्टरचे फुटलेले ब्लॉकसुद्धा जोडून देतात, ते हा तडाही भरून देण्यास तयार आहेत. आणि पुण्याहून स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांचा मॅनिफोल्ड बनवून घेतला तर गाडी आधीपेक्षा जोरात पळेल, असे एका मित्राचे म्हणणे आहे.

मला गाडी पळवायची नाही, टिकवायची आहे. जाणकारांनी कारणांसह मार्गदर्शन करावे, ही विनंती.

वाळूज गॅरेज (छत्रपती संभाजीनगर)

बालाघाटकर, आपण लक्षणे नीट लिहिली आहेत, त्यामुळे निदानाबद्दल शंका उरत नाही. थंड असताना आवाज आणि तापल्यावर शांतता, हे तड्याचे किंवा गॅस्केटच्या गळतीचे ओळखीचे लक्षण आहे, कारण धातू तापून फुगला की फट मिटते. मात्र घाटात पूर्ण भाराखाली नळीतील दाब इतका वाढतो की मिटलेली फटही पुन्हा वायू सोडू लागते. जो वायू टर्बोचे चाक फिरवण्यासाठी जायला हवा, तो वाटेतच निसटतो. टर्बो मंद फिरतो, हवा कमी येते, डिझेल मात्र तेवढेच पडते आणि उरलेले डिझेल काळ्या धुराच्या रूपाने बाहेर येते. पिकअप, धूर आणि वास या आपल्या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. आतल्या वासाकडे दुर्लक्ष करू नका. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलपेक्षा कमी असला तरी असतो, आणि आपण गाडीतून रुग्णाला नेता. भाग बदलेपर्यंत एसी आतल्या हवेवर ठेवा, काच थोडी उघडी ठेवा आणि शक्यतो लांबचा प्रवास टाळा. शिवाय तड्यातून निघणारा वायू शेजारची वायर किंवा रबरी नळी जाळू शकतो, म्हणून तेवढ्या भागावर एकदा हात फिरवून पाहावा.

आता कोणता घ्यावा हे सांगण्याआधी एक प्रश्न विचारणे मला आवश्यक वाटते, तो म्हणजे जुना का तडकला? आमच्याकडे असा मॅनिफोल्ड आला की गिऱ्हाईक नव्या भागाची किंमत विचारते, आणि आम्ही मात्र टर्बोखालचा आधार शोधू लागतो. बहुतेक गाड्यांत टर्बोला किंवा त्याच्या खालच्या नळीला इंजिनाच्या ब्लॉकशी जोडणारी एक लोखंडी पट्टी असते. क्लचचे किंवा स्टार्टरचे काम करताना ती काढावी लागते, आणि परत बसवताना तिचा बोल्ट हाती लागला नाही तर ती तशीच राहून जाते. गाडी चालते, कोणाला काही कळत नाही. पण टर्बो आणि सायलेन्सरच्या पुढच्या नळीचे सगळे वजन तापून लाल होणाऱ्या मॅनिफोल्डवर लोंबकळत राहते, आणि आपल्याकडच्या खड्ड्यांमध्ये प्रत्येक हिसका त्याच बेचक्यात बसतो.

आणखी दोन गोष्टी तपासाव्या लागतील. आधीच्या मालकाने गाडीत ताकद वाढवणारी चिप बसवली होती का, किंवा ईसीयूचे (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचे) सेटिंग बदलले होते का, हे पाहा, कारण जादा डिझेल म्हणजे एक्झॉस्टचे जादा तापमान. दुसरे म्हणजे कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर कमी विषारी करणारी जाळी) काजळीने चोंदला आहे का. त्या काळच्या गाड्यांत डीपीएफ (काजळी अडवणारी गाळणी) बहुधा नसतो, पण कन्व्हर्टर चोंदला तरी मागे दाब साचतो आणि उष्णता मॅनिफोल्डमध्येच कोंडते. हे तिन्ही पाहून इथे कळवा. मूळ कारण तसेच ठेवून कितीही चांगला भाग बसवला तरी तो त्याच ठिकाणी तडकेल.

वेल्डिंगबद्दल माझे मत स्पष्ट आहे: या जागी नको. ट्रॅक्टरचा ब्लॉक पाण्याने थंड राहतो, म्हणून त्यावरचा जोड टिकतो. मॅनिफोल्ड प्रत्येक फेरीत कडक तापतो आणि पुन्हा थंड होतो. वेल्ड स्वतः टिकतो आणि त्याच्या कडेने नवा तडा जातो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

बालाघाटकर (अंबाजोगाई)

वाळूज गॅरेज, मनःपूर्वक आभार. गाडी खाली जाऊन पाहिली. आपण म्हणता तशी टर्बोखालची पट्टी नाहीच. ब्लॉकवर तिच्यासाठीची दोन आटेदार छिद्रे रिकामी आहेत आणि त्यांत चिखल भरलेला आहे. माझ्याकडे गाडी आल्यानंतर एका गॅरेजमध्ये क्लच प्लेट बदलली होती, तेव्हाच ती राहिली असावी किंवा त्याआधीच नसावी. आता ते ठरवणे शक्य नाही. चिप वगैरे काही आढळले नाही. कन्व्हर्टर कसा तपासावा, हे मात्र मला समजले नाही.

ओतशाळा (चिकलठाणा)

मी ओतकामाच्या क्षेत्रात नोकरी करतो, त्यामुळे धातूच्या बाजूने चार गोष्टी लिहितो. मॅनिफोल्ड निवडताना लोक आकार आणि किंमत पाहतात. खरा फरक मात्र धातूत असतो आणि तो खोक्यावरून ओळखता येत नाही.

आधी उष्णतेचा हिशेब पाहू. डिझेल गाडीत पूर्ण भारावर टर्बोच्या आधीच्या वायूचे तापमान साधारण ७०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. टर्बो पेट्रोल गाडीत ते ९५० अंशांच्या वरही जाऊ शकते. आपला मॅनिफोल्ड सुमारे ३५ सेंटिमीटर लांब आहे असे धरू आणि तो ६०० अंशांनी तापला असे मानू. ओतीव लोखंडाचा प्रसरण गुणांक विचारात घेतला तर तो सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास लांब होतो. ज्या ॲल्युमिनियमच्या हेडवर तो बसवलेला असतो, ते पाण्यामुळे जेमतेम ९०-१०० अंशांवर राहते आणि तेवढ्याच लांबीत पाऊण मिलिमीटरही वाढत नाही. म्हणजे प्रत्येक तापण्यात मॅनिफोल्डला हेडवरून दीड मिलिमीटरच्या आसपास सरकावे लागते. म्हणूनच मॅनिफोल्डची छिद्रे स्टडपेक्षा मोठी ठेवलेली असतात, आणि म्हणूनच टोकाचे स्टड सर्वांत आधी तुटतात, कारण सरकणे टोकाला सर्वांत जास्त असते. आपला चौथ्या सिलिंडरकडचा स्टड तुटला, यात आश्चर्य नाही. फ्लँजला सरकू दिले नाही, मग ते गंजामुळे असो वा नट अतिरेकी आवळल्यामुळे, तर तो ताण बेचक्यात जाऊन साचतो आणि तिथेच तडा सुरू होतो.

आता धातू. साधे करडे बीड ५५० ते ६०० अंशांच्या पुढे सतत वापरण्यासाठी योग्य नाही. त्याच्या आतील कार्बाइड हळूहळू ग्रॅफाइटमध्ये बदलते, पृष्ठभाग आतपर्यंत ऑक्सिडाइज होतो, भाग फुगतो आणि त्याला बारीक बारीक चिरा पडतात. टर्बो डिझेलसाठी चांगले उत्पादक जो धातू वापरतात, तो एसजी आयर्नचा म्हणजे गोलाकार ग्रॅफाइटच्या बिडाचा सिलिकॉन-मॉलिब्डेनम प्रकार असतो. त्यात सिलिकॉन सुमारे ४ टक्के आणि मॉलिब्डेनम अर्धा ते एक टक्का असते. सिलिकॉनमुळे पृष्ठभागावर संरक्षक थर बनतो आणि मॉलिब्डेनममुळे तापलेल्या अवस्थेतील ताकद टिकते. ८०० अंशांच्या आसपासपर्यंत तो भरवशाने काम करतो. त्याहून तापणाऱ्या पेट्रोल टर्बोसाठी निकेल भरपूर असलेले नि-रेझिस्ट बीड किंवा ओतीव स्टेनलेस स्टील वापरतात, आणि ते अर्थातच महाग पडते.

म्हणून बिननावाच्या मालाबद्दल माझा आक्षेप स्वस्तपणाचा नाही. आकाराचा साचा कोणीही बनवू शकतो, पण आत कोणता धातू ओतला हे सांगणारे कोणी नसेल तर तो साधे करडे बीड असण्याची शक्यता नाकारता येत नाही. दुकानात उभे राहून एक ढोबळ परीक्षा करता येते. मॅनिफोल्ड दोरीने टांगा आणि छोट्या हातोडीने हलकेच टोला द्या. एसजी आयर्नचा अखंड भाग घणघणतो आणि नाद काही काळ रेंगाळतो. करडे बीड ठस्स वाजते. जुना भाग घ्यायचा असेल तर हीच परीक्षा तडाही दाखवून देते. मात्र या परीक्षेने सिलिकॉन-मॉलिब्डेनमचे प्रमाण कळत नाही, ते प्रयोगशाळेतच कळते.

ज्या कारखान्यांत वाहन कंपन्यांसाठी ओतकाम होते, त्यांपैकी काहींचा माल त्यांच्याच नावाने खुल्या बाजारातही मिळतो. आपल्या गाडीसाठी असा भाग मिळत असेल, त्यावर उत्पादकाचे नाव आणि ओतलेला क्रमांक असेल आणि दुकानदार पक्के बिल देत असेल, तर तो मूळ भागाच्या तोडीचा मानायला माझी हरकत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे; आधी बहुतेक भागांवर तो २८ टक्के होता, तेव्हा जुन्या किमतीच्या यादीवर विसंबू नका आणि कर वाचवण्यासाठी बिल सोडू नका. बिल नसेल तर हमीही नसते.

लातूर टर्बो

स्टेनलेसच्या नळ्यांच्या मॅनिफोल्डविषयी सगळ्यांनी वाईटच लिहू नये, म्हणून लिहितो. माझ्याकडे टर्बो पेट्रोल गाडी आहे आणि तिच्यावर मी असा मॅनिफोल्ड बसवला आहे. काम उत्तम झाले असेल तर तो टिकतो. उत्तम म्हणजे काय, तर नळी जाड भिंतीची हवी, वेल्ड टिग पद्धतीचा (आर्गॉन वायूच्या आवरणात केलेला) हवा, वेल्ड करताना नळीच्या आतूनही आर्गॉन वायू सोडलेला असावा, आणि स्टेनलेस ३०४ प्रतीऐवजी ३२१ प्रतीचे असल्यास अधिक चांगले. ३२१ मध्ये टायटॅनियम असते, त्यामुळे ४२५ ते ८५० अंशांच्या पट्ट्यात सतत राहिल्यावर क्रोमियम कार्बाइड तयार होऊन धातूच्या कणांच्या सीमा कमकुवत होण्याचा धोका कमी होतो. वेल्डची आतली बाजू बोटाने तपासावी. तिथे पोपडे आणि काळपट खडबडीत दाणे लागले तर तो मॅनिफोल्ड दिसायला कितीही चकचकीत असला तरी घेऊ नये.

तरीही बालाघाटकर, आपल्या गरजेसाठी मी तो सुचवणार नाही. एक तर स्टेनलेस स्टील बिडापेक्षा दीडपटीहून जास्त प्रसरण पावते, त्यामुळे वर ओतशाळा यांनी सांगितलेला सरकण्याचा प्रश्न आणखी वाढतो, आणि टर्बोला स्वतंत्र आधार नसेल तर पातळ नळ्या ते वजन पेलू शकत नाहीत. दुसरे म्हणजे छोट्या डिझेलमध्ये मूळ मॅनिफोल्डच्या वाटा मुद्दाम आखूड आणि अरुंद ठेवलेल्या असतात, जेणेकरून सिलिंडरमधून निघालेला वायूचा ठोका उष्णता आणि वेग न गमावता थेट टर्बोच्या चाकावर पोहोचावा. लांब नळ्यांत आकारमान वाढते, ठोका मंदावतो, आणि कमी फेऱ्यांवर टर्बो आणखी उशिरा जागा होतो. घाटात नेमके तेच नको असते. जादा ताकद मिळायची तर ईसीयूपासून सगळे बदलावे लागते. नुसत्या मॅनिफोल्डने ती मिळत नाही.

शिवाय हाताने बनवलेल्या अनेक मॅनिफोल्डमध्ये ईजीआरकडे (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या व्यवस्थेकडे) जाणारी वाट ठेवलेलीच नसते. ती बंद करणे म्हणजे गाडीच्या उत्सर्जन व्यवस्थेत बदल करणे होय. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

वाळूज गॅरेज (छत्रपती संभाजीनगर)

पट्टी सापडली नाही, म्हणजे कारण सापडले. आता निवड सोपी झाली. माझा सल्ला असा: मूळ कंपनीचा मॅनिफोल्ड मागवा, किंवा ओतशाळा यांनी म्हटल्याप्रमाणे नावाजलेल्या उत्पादकाचा, क्रमांक जुळणारा, बिलासह मिळत असेल तर तो घ्या. दोन आठवड्यांच्या प्रतीक्षेपायी बिननावाचा भाग घेऊ नका. मागवताना गाडीचा चॅसिस क्रमांक द्या, कारण एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक टर्बोच्या तोंडाची छिद्रे, ईजीआरची जागा किंवा तिरपेपणा बदललेला असतो आणि बाहेरून दोन्ही भाग सारखेच दिसतात. काही गाड्यांत तर मॅनिफोल्ड आणि टर्बोचे घर (बाहेरचे कवच) एकाच ओतकामात असतात, तेव्हा तो सुटा मिळतच नाही. आपल्याकडे तो वेगळा आहे, ही जमेची बाजू आहे. तुटलेल्या गाडीचा जुना भाग फक्त एवढ्यासाठी नको की त्याचे आयुष्य किती उरले आहे हे कोणी सांगू शकत नाही आणि काढण्या-बसवण्याची मजुरी दोन्ही वेळा सारखीच लागते. आधाराची पट्टी आणि तिचे बोल्ट त्याच मागणीत लिहा. पट्टी स्थानिक लोहाराकडून बनवू नका. छिद्र दोन मिलिमीटर जरी चुकले तरी पट्टी टर्बोला ओढून धरते आणि आधार देण्याऐवजी ताण देते.

त्याचबरोबर मॅनिफोल्ड आणि टर्बो यांची सर्व गॅस्केट, सगळे स्टड आणि सगळे नट नवे घ्या. तुटलेला एकच स्टड बदलणे बरोबर नाही, कारण बाकीचे तेवढेच तापलेले आणि ताणलेले आहेत. हेडमध्ये तुटलेला तुकडा काढताना घाई करू नये. आमची पद्धत अशी आहे की तुकड्याचे टोक बाहेर असेल तर त्यावर नट ठेवून तो आतून वेल्ड करायचा. वेल्डच्या उष्णतेने स्टड सुटतो आणि नटासकट बाहेर येतो. टोक आत असेल तर बरोबर मध्यावर पंच करून, मार्गदर्शक बुश लावून ड्रिल करावे लागते. हेड ॲल्युमिनियमचे आहे, ड्रिल सहज बाजूला सरकते आणि छिद्र वाया जाते. आटे खराब झालेच तर हेलिकॉइल (नवे आटे देणारे तारेचे वेटोळे) टाकता येते. हे काम करणाऱ्याला आधीच विचारा की तो हे कसे करणार आहे. उत्तरावरून माणूस कळतो.

नवा मॅनिफोल्ड आल्यावर लगेच बसवू नका. फ्लँजवर सरळपट्टी ठेवून खालून फिलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी) सरकवून पाहा, आणि हेडच्या बाजूलाही तसेच करा. किती वाकडेपणा चालतो याची मर्यादा आपल्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. तीच प्रमाण माना. नवा भागही कधी कधी वाकडा निघतो, आणि तो बिलावर बदलून मिळतो. एकदा बसवला की कोणी बदलून देत नाही. नंतर आतल्या वाटा नीट पाहा. ओतकामाची वाळू किंवा धातूचा कण आत चिकटून राहिला आणि सुटून टर्बोत गेला, तर मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेऱ्या घेणारे ते चाक एका क्षणात खराब होते. दाबाची हवा मारा, चुंबक फिरवा, विजेरीने पाहा.

आवळणे मध्यापासून सुरू करून दोन्ही टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. मॅन्युअलमध्ये आटे कोरडे ठेवायला सांगितले असतील तर त्यावर तेल किंवा पेस्ट लावू नये, कारण घर्षण कमी झाले की तोच टॉर्क प्रत्यक्षात जास्त ताण देतो. सिलिकॉनची ट्यूब या जोडावर कोणी लावू लागला तर त्याला थांबवा. वरचा पत्रा परत बसलाच पाहिजे. तो शेजारच्या वायरी वाचवतो आणि पावसात रस्त्यावरचे पाणी तापलेल्या बिडावर थेट उडू देत नाही. मॅनिफोल्डवर गुंडाळायची उष्णतारोधक पट्टी मात्र नको. तिने धातू आणखी तापतो आणि ओल धरून ठेवली जाते.

कन्व्हर्टर तपासण्याचा मार्ग म्हणजे मागचा दाब मोजणे. कन्व्हर्टरच्या आधी एखादे सेन्सरचे छिद्र किंवा दाब मोजण्याची नळी असेल तिथे गेज लावून गाडीच्या फेऱ्या वाढवायच्या आणि वाचन मॅन्युअलशी ताडून पाहायचे. मॅनिफोल्ड उतरवलेलाच असेल तेव्हा कन्व्हर्टरच्या तोंडातून विजेरीने जाळी पाहिली तरी बराचसा अंदाज येतो.

बालाघाटकर (अंबाजोगाई)

सर्वांचा अत्यंत ऋणी आहे. मूळ कंपनीचा मॅनिफोल्ड, आधाराची पट्टी, स्टड, नट आणि गॅस्केट अशी मागणी चॅसिस क्रमांकासह आज नोंदवली. तोपर्यंत वडिलांना एसटीने किंवा भावाच्या गाडीने नेण्याची व्यवस्था केली आहे. काम संभाजीनगरलाच करून घेईन. एकच शंका उरली आहे: टर्बो उतरवलेलाच असेल, तर तोही खराब झाला आहे का हे कसे ओळखावे? एक मेकॅनिक म्हणतात की शाफ्ट हलतो आहे, म्हणून टर्बोही बदलावा लागेल.

वाळूज गॅरेज (छत्रपती संभाजीनगर)

शाफ्ट थोडासा आडवा हलतो म्हणून टर्बो बदलू नका. टर्बोचे बेअरिंग तेलाच्या थरावर तरंगते, त्यामुळे इंजिन बंद असताना बोटाने हलवल्यास आडव्या दिशेला किंचित हालचाल जाणवणे स्वाभाविक आहे. शाफ्ट बोटांनी एका बाजूला दाबून फिरवा. चाकाच्या पात्या घराला घासत असतील तर टर्बो दुरुस्तीला आला आहे. पुढे-मागे ओढून पाहा. त्या दिशेला हाताला हालचाल जाणवली तर तीही चांगली खूण नाही. पात्यांच्या कडा नीट पाहा, कारण तडकलेल्या बेचक्यातून सुटलेला पोपडा आत गेला असेल तर कडेला खाच दिसेल. हवेच्या बाजूच्या नळीत तेलाचा हलका ओलावा चालतो, तेल साचलेले चालत नाही.

यांपैकी काही आढळले नाही तर आहे तोच टर्बो बसवा. तेल आणणारी बारीक नळी आणि परत नेणारी जाड नळी दोन्ही साफ करून घ्या, त्यांचे वॉशर नवे टाका, आणि इंजिन ऑइल व फिल्टर त्याच वेळी बदला. सुरू करण्याआधी टर्बोच्या तेलाच्या छिद्रात थोडे स्वच्छ ऑइल सोडून शाफ्ट हाताने फिरवून घ्यावा आणि नंतरच नळी जोडावी, म्हणजे पहिल्या क्षणी बेअरिंग कोरडे राहणार नाही. पहिल्यांदा सुरू केल्यावर गाडी काही मिनिटे रेस न देता चालू ठेवा आणि फ्लँजच्या कडेने कान देऊन ऐका. गाडी पूर्ण थंड झाल्यावर नट पुन्हा तपासायचे की नाही, हे मॅन्युअलमध्ये असेल त्याप्रमाणे करा.

काम झाल्यावर पीयूसी नव्याने काढून घ्या आणि धुराचे वाचन जपून ठेवा. डिझेल गाडीसाठी ही मर्यादा बीएस-३ पर्यंत २.४५ आणि बीएस-४ ला १.६२ प्रति मीटर आहे. आपली गाडी कोणत्या मानकाची आहे ते आरसीवर लिहिलेले आहे का पाहा. सहा महिन्यांनी पुन्हा काढलेले वाचन एकदम वर गेलेले दिसले, तर पत्रा काढून त्या बेचक्याकडे आणि पट्टीच्या बोल्टकडे आधी पाहा.